मनकर्णाबाईनं धरलेली जागा

हिवरखेडच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मनकर्णाबाईचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नव्हता. गिऱ्हाईक वांगी निवडायला बसलं की हिचे डोळे त्याच्या पिशवीत. देवळात हात जोडायची, पण एक डोळा बाहेरच्या चपलांवर. अशी ही बाई लेक गोपाल आणि सहा वर्षांची नात खुशी यांच्यासोबत हैदराबाद पाहायला निघाली, म्हणजे हैदराबादचंच काही खरं नव्हतं!

चारमिनार पाहून झाला. गोलकोंड्याच्या बससाठी तिघं थांब्यावर आली आणि गोपाल पाण्याची बाटली आणायला पलीकडे गेला. शेजारी हिरव्या शर्टातला एक माणूस डबा घेऊन उभा होता. खुशीकडं पाहून तो हसला.

"कहाँ जाना अम्मा?"

"तुमाले काय करा लागते?" मनकर्णाबाईनं खुशीला ओढून मागं घेतलं. माणूस निमूट बाजूला सरकला. पण सरकला तरी काहून? अन् बिनओळखीचं लेकरू पाहून दात काहून दाखवले? पोट्टी हेरून ठेवली यानं, नक्की! तिनं खुशीच्या कानात सांगितलं, "त्याच्याकडं पाहू नको वं. चोर हाय थो."

तेवढ्यात बस आली आणि दाराशी झुंबड उडाली. इथं बाईची गावची सवय आडवी आली. आपल्याकडं एसटी लागली की काय करतात, ते का सांगायला पाहिजे? कोणी खिडकीतून रुमाल टाकतं, कोणी टोपी. लेकरू हाताशी असलं तर लेकरूच आत! मग सारे चढेस्तोवर गाडी हलत नाही, कारण कंडक्टरही ओळखीचाच असतो. मनकर्णाबाईनं क्षणाचाही विचार न करता खुशीला उचललं आणि खिडकीतून आत सोडलं.

"जागा धर वं!"

ती दारापर्यंत पोचली, पायरीवर पाय टाकणार, तोच बस सुटली.

"माय वं! माही पोट्टी!" पदर रस्त्यावर लोळत होता आणि बाई बसमागं धावत होती. मागच्या काचेतून तिला दिसलं काय, तर तोच हिरवा शर्ट, खुशीच्या सीटवर वाकलेला. डोळ्यांत तेल घालून जपलेली पोर नेली मेल्यानं!

गोपाल धावत आला. "थ्या हिरव्या शर्टवाल्यानं नेली रे खुशीले!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. त्यानं आईला ऑटोत कोंबलं. पुढच्या थांब्यापर्यंत तिनं त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

थांब्यावर गर्दी जमली होती. मधोमध खुशी "चोर! चोर!" म्हणून टाहो फोडत होती आणि हिरव्या शर्टवाल्याची कॉलर दोघांनी धरली होती. आजी मागून येईल म्हणून बिचारा तिला घेऊन इथं उतरला होता. पोरीच्या ओरडण्यानं लोक त्याच्यावर धावून आले. शर्टाची बटणं तुटली होती, डब्यातला भात मातीत सांडला होता.

खुशी आजीला बिलगली. गर्दीतून कोणी विचारलं, "अम्मा, यहीच उठाया ना बच्ची को?"

गोपालनं तर मारायला हात उगारलाच होता. त्याला खिडकीची गोष्ट ठाऊक नव्हती. बाईनं नुसतं "हाव" म्हटलं असतं, तर ती त्याला कधीच कळली नसती.

"सोडा जी त्याले," मनकर्णाबाई म्हणाली. "त्यानं नायी नेली. म्याच तिले खिडकीतून आत टाकली. जागा धराले."

गोपालचा हात खाली आला. तो आईकडं नुसता पाहत राहिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

कॉलर सुटली. माणसानं वाकून डबा उचलला. मनकर्णाबाईनं हात जोडले. "भाऊ, चुकलं माहं. खुशी, काकाले नमस्कार कर."

त्यानं पोरीच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला. खुशी किंचाळली आणि आजीच्या पदराआड शिरली. माणसानं हात मागं घेतला आणि पुढची बस आली तसा तीत चढून गेला.