चौथ्या दिवशी आलेले विद्वान

थोरल्या नातीनं परवा फोनवर सांगितलं की तिला लोकशाही आणि विविधता या विषयावर पोस्टडॉक्टरल फेलोशिप मिळते आहे. अभिनंदन करण्याआधी मी जरा गप्प झाले. का, ते तुम्हा सगळ्या नातवंडांसाठी लिहून ठेवते.

असेच एक फेलो आपल्या शहाद्याच्या घरी, माडीवरच्या खोलीत, सात महिने राहून गेले. विषय हाच. एका मोठ्या विद्यापीठानं त्यांना लोकशाहीवर विचार करण्यासाठी नेमलं होतं. मला ते आंटी म्हणत. समतेवर तासभर बोलून चहाचा कप खिडकीत तसाच सोडून जात, आणि तो कप उचलणाऱ्या बाईंचं नाव त्यांना सात महिन्यांत माहीत झालं नाही. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, "तो दिनभर काय करी ऱ्हायना?" मी सांगितलं, विचार करतात. वहिनी मान हलवून आत गेल्या.

अभ्यासासाठी त्यांनी तोरणमाळच्या बाजूचा एक पाडा निवडला होता. तिथे घरोघर पावरी बोलतात. यांना पावरीचा एक शब्द येत नव्हता. म्हणून त्याच पाड्यातली, एम.ए. झालेली माझी एक जुनी विद्यार्थिनी दुभाषी म्हणून मी मिळवून दिली. बदल्यात तिच्या पीएचडीच्या अर्जासाठी शिफारसपत्र देण्याचं त्यांनी कबूल केलं होतं.

आधी संमतीपत्र आलं. आठ पानांचं, इंग्रजी. ते मी मराठीत केलं. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई मी, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ दिला नाही. सातवं कलम असं होतं की भाग घेणारी व्यक्ती कोणतंही कारण न देता केव्हाही माघार घेऊ शकते, आणि मग तिनं सांगितलेलं काहीही वापरता येणार नाही. असली कलमं शोभेची असतात, असं तेव्हा मला वाटलं होतं. ही अक्कल माझीही.

माझं नीटनेटकं मराठीसुद्धा पाड्यात शाळेतलंच. ते त्या मुलीनं पुन्हा पावरीत समजावलं. नर्मदाकाठच्या त्यांच्या सोयऱ्यांची गावं धरणाच्या पाण्याखाली गेली, तेव्हापासून कागदावर अंगठा देताना ही माणसं दहादा विचार करतात. तरी एकोणतीस जणांनी दिला. पहिला तिच्या काकांनी. आपली पोर सांगते आहे, एवढंच त्यांना पुरलं.

मग मुलाखती. प्रत्येकाला वेगळं बसवून साहेबांनी एकच विचारलं: शाळेची नवी खोली वरच्या पाड्यात व्हावी की खालच्या? एकोणतीसही जणांनी सांगितलं, खालच्या, ओढ्याच्या अलीकडे. सगळ्यांचं उत्तर एकच, म्हणून संध्याकाळी ते वैतागून परतले. आमच्या अंगणात बसून मुलीनं त्यांना सांगितलं, "सर, तीन दिवस मोहाच्या झाडाखाली बसून भांडले सगळे. वरचे उठून गेले, त्यांना परत आणलं. मग एक झालं. तुम्ही चौथ्या दिवशी आलात."

फारच इंटरेस्टिंग, असं म्हणत त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी समोर होते.

दोन महिन्यांनी त्यांचा निबंध माझ्याकडे आला, इंग्रजी तपासण्यासाठी. चाळीस पानं. त्यात परदेशी विचारवंतांची रांग होती, वाक्यं अशी लांब की कर्ता सापडेपर्यंत क्रियापद विसरावं. आणि निष्कर्ष हा की या पाड्यात मतभेदाला जागाच नाही, इथला माणूस स्वतःचं मत बनवायला अजून शिकलेला नाही. तीन दिवसांचं भांडण कुठेच नव्हतं. मी तळटीपाही वाचल्या. मुलीचा उल्लेख 'स्थानिक मदतनीस' असा होता.

मी विचारल्यावर ते म्हणाले की ते भांडण त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही, त्यामुळे पुरावा म्हणून धरता येत नाही. जे आपल्यासमोर घडलं नाही ते घडलंच नाही, असं मानायला इतकं शिकावं लागतं हे मला माहीत नव्हतं.

मुलीला बोलावून मी ती पानं वाचून दाखवली.  ती म्हणाली, "मॅडम, काकांनी कागद बघितलाच नव्हता. माझ्याकडे बघून अंगठा दिला होता."

तिला गप्प राहता आलं असतं. पाड्यात हा निबंध कोण वाचणार होतं, आणि शिफारसपत्र अजून मिळायचं होतं. ती दुसऱ्याच दिवशी पाड्यात गेली आणि निबंधात काय आहे ते सगळ्यांना सांगितलं. काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पुन्हा मोहाखाली बैठक बसली. तिनं साहेबांना फोन करून बोलावलं, या वेळी पहिल्या दिवसापासून या म्हणाली. त्यांना वेळ नव्हता. लोकसहभागावर एक ऑनलाइन परिषद होती, आमच्याच माडीवर दार लावून.

पाच दिवस बैठक चालली. सहाव्या दिवशी मुलगी माझ्या ओसरीवर आली आणि कागदांचा गठ्ठा साहेबांच्या हातात दिला. एकोणतीस जणांच्या माघारीचे कागद. साहेबांनी चाळून पाहिलं आणि म्हणाले की पुन्हा सगळ्यांचं एकच, यांना कोणीतरी पढवलं आहे, निदान कारण तरी लिहायला हवं होतं.

"कारण द्यायचं नसतं, सर," ती म्हणाली. "तुमच्याच कागदात आहे. सातवं कलम."

ते माझ्याकडे बघायला लागले. भाषांतर अचूक आहे, असं मी सांगितलं.

आठवडाभरात ते खोली सोडून गेले. शिफारसपत्र दिलं नाही. ते मी लिहिलं, त्याचा कितपत उपयोग होईल देव जाणे. जाताना तो गठ्ठा ते टेबलावर पसरून ठेवून गेले होते, म्हणून मी क्रमानं लावला. बहुतेक अंगठेच होते, थोड्या सह्या. पहिल्या पानावर तिच्या काकांचा अंगठा होता. तेही पान त्यांना तिनंच वाचून दाखवलं होतं.