हलका आवाज

सुभेदारकाकांच्या घरी गेलं की आधी त्यांच्या टेबलाकडे बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. टेबलावर काही उघडून ठेवलेलं असेल तर निमूट दारातच उभं राहायचं. मुलीला बघायला आलेली पाचोडची पाहुणेमंडळी या गृहस्थाने चांगली दहा मिनिटं ओट्यावर ताटकळत ठेवली होती, कारण आत भिंतीवरचं घड्याळ खोलून ठेवलेलं होतं. काकू खुणा करून करून थकल्या. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा काका बाहेर आले, हात जोडले आणि म्हणाले, "या. आता बोला." तरीही लग्न जमलं, यात पाहुण्यांचा मोठेपणा किती आणि मुलीचं नशीब किती, हे काकू अजून ठरवतायत.

काका फौजेत आर्मोरर होते, म्हणजे हत्यारं तपासणारे आणि दुरुस्त करणारे. त्यातली काही वर्षं त्यांनी सरावाची काडतुसं पुन्हा भरण्याच्या खात्यात काढली. रिकामी पितळी पुंगळी, त्यात मोजून बारूद, वर गोळी. पन्नास भरायची असोत की पाचशे, मधे कोणी हाक मारली की हातातलं सगळं ओतून पहिल्यापासून सुरुवात, हा तिथला नियम. तो त्यांच्या अंगात इतका भिनला होता की काकू सगळ्यांना बजावून ठेवत, "ह्यांनी भाजीत मीठ घालताना कुणी हाका मारू नका रे बाबा, सगळी भाजी फेकून देतील." निवृत्तीनंतर ते गारखेड्यात राहायला आले आणि पैठण रस्त्यावरच्या आमच्या छोट्या नेमबाजी क्लबात दर रविवारी फायरिंग लाइनीवर हुकूम द्यायला उभे राहू लागले. मी बिडकीनजवळच्या एका कारखान्यात नोकरीला होते. आठवडाभर मशीनचा खडखडाट ऐकायचा आणि रविवारी काकांचा.

आमच्या क्लबात एक बांधकाम ठेकेदार होते. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी घरीच काडतुसं भरायचा बेत केला. कायदा आड येतो, हे काकांनी सांगून पाहिलं. ठेकेदार हसले. "काका, सगळं दाखवतात आजकाल. त्यात काय एवढं?" पुढच्या रविवारी काकांनी टेबलावर पन्नास रिकाम्या पुंगळ्या, एक छोटा चमचा आणि वाटीभर राजगिरा ठेवला. "भरा. एकेक चमचा." ठेकेदार भरू लागले. काका शेजारी बसून गोड गोड गप्पा मारू लागले. साइटचं काम कुठवर आलं, पोरगं कितवीला गेलं, चहा घेणार का. एरवी टेबलाशी कोणी खोकलं तरी डोळे वटारणारा हा माणूस त्या दिवशी इतका बोलला की आम्हाला त्यांची तब्येत बरी नसल्याची शंका आली.

भरून झाल्यावर काकांनी एकेक पुंगळी कागदावर उलटी केली. दोनांत दुप्पट राजगिरा निघाला आणि एक रिकामीच होती. "हे दुप्पटवालं तुमचा हात घेऊन जाईल," ते शांतपणे म्हणाले. "अन हे रिकामं त्याच्याहून लबाड. बुडातली टोपी तेवढी उडती अन फट्कन हलका आवाज येतो. गोळी नळीतच अडकती. मानसाला वाटतं, काय झालं नाय. तो दुसरी झाडतो. अन मंग नळी फाटती." ठेकेदारांनी तो बेत सोडला. त्यानंतर आम्हा सगळ्यांनाच राजगिऱ्याची शिक्षा लागली. महिन्यातून एकदा प्रत्येकाने पन्नास पुंगळ्या भरायच्या, आणि मधे कोणी बोललं की ओतून पुन्हा एकपासून. मी एकदा सलग चार वेळा ओतल्या आणि चिडून रडले. काकांनी रुमाल दिला आणि पाचव्यांदा भरायला लावल्या.

आमच्या क्लबाचं पॉइंट टू-टूचं एकच पिस्तूल होतं आणि ते मीच वापरायचे. त्याची नळी पिस्तुलासोबत आली तीच होती. बाकीचे खेळाडू परदेशी नळ्या बसवून घ्यायचे, त्यामुळे आपलीही बदलावी असं मला फार वाटायचं. नेम चुकला की मी नळीला नावं ठेवायचे. "नळी ठणठणीत हाय माय," काका म्हणायचे, "तुझं मनगट बदलून मिळतं का, ते बघू आधी." बोलणं असं टोचणारं, पण त्यांच्या हाताखाली माझे गुण वाढत गेले आणि राज्याच्या निवड चाचणीपर्यंत मी पोचले. चाचणी पुण्याला होती. काका सोबत आले. त्या वर्षी राज्याच्या संघात जागा मिळवायची, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. घरच्यांनीही नेमबाजीसाठी त्या वर्षापुरतीच मुदत दिली होती.

पहिला टप्पा उत्तम गेला. दुसऱ्या टप्प्यात हिरवा दिवा तीन सेकंद लागतो, तेवढ्यात एक गोळी झाडायची. मग सात सेकंद हात खाली, आणि पुन्हा दिवा. शेवटच्या पाच गोळ्या उरल्या होत्या आणि मी संघात बसत होते. त्यातली तिसरी झाडली तेव्हा पिस्तुलाने नेहमीसारखा धक्का दिला नाही. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे आली नाही. असं कधी कधी साधं अडकल्यामुळेही होतं, आणि स्लाइड ओढून पुढची गोळी चढवायची सगळ्यांच्या हाताला सवय असते. माझाही हात स्लाइडवर गेला होता. सात सेकंद होते आणि ते पुरेसे होते. पण आवाज हलका आला होता. मी पिस्तूल निशाणाच्या दिशेनेच टेबलावर ठेवलं आणि दुसरा हात वर केला.

मागून काकांचा आवाज आला. "काय झालं गं? वढ की स्लाइड! येळ व्हता की!"

"काका, आवाज हलका आला."

"नाय आला! मी हितंच बसलोय. साधं अडकलंय ते. घाबरली तू."

मला फार वाईट वाटलं, तरी पंच जवळ आले तेव्हा मी त्यांना नळी तपासायला सांगितली. त्यांनी पिस्तूल रिकामं करून नळीच्या तोंडातून पितळी सळई घातली. ती थोडी आत गेली आणि थांबली. गोळी नळीतच होती. मी स्लाइड ओढून दिव्याची वाट पाहिली असती, तर पुढची गोळी तिच्यावरच आदळली असती. काका त्या सळईकडे बघत राहिले. दुसरं पिस्तूल माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे उरलेल्या गोळ्या राहिल्या आणि संघातली जागा गेली.

परतीच्या बसमध्ये नेवासा येईपर्यंत काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, जागा गेल्याचं दुःख असेल. मग तसेच बसून म्हणाले, "मला ऐकूच आलं नाय गं. चाळीस वर्सं बंदुकांपाशी काढली, कान गेले असतील हे कळायला पायजे व्हतं. तू माझं ऐकलं असतं तर?" मी म्हणाले, "तुमचंच ऐकलं की, काका." ते हसले नाहीत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बोटं एकेक करून दाबून पाहिली.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि भाषण न करता सांगितलं, "आजपासून लाइनीवर हिचा हुकूम. मला हलका आवाज ऐकू येत नाय. ज्याला ऐकू येत नाय त्यानं तिथं उभं राहू नये." आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मला फार जड गेलं. त्यांना त्यापेक्षा जड गेलं असणार, पण त्यांनी ते दाखवलं नाही. घरच्यांकडून मी आणखी एक वर्ष मागून घेतलं. अडकलेली गोळी काढल्यावर नळीला ओरखडाही नव्हता, आणि पुढच्या वर्षी त्याच नळीने मी राज्याच्या संघात गेले. निकाल कळल्यावर काकूंनी फोनवर सांगितलं, "टेबलावर पंखा खोलून ठेवलाय, तरी नाचतायत."

काका आता कानाला यंत्र लावतात आणि अधूनमधून चार गोळ्या झाडायला लाइनीवर येतात. मागच्या रविवारी त्यांची दुसरी गोळी मला हलकी वाटली. "थांबा!" मी ओरडले. बाकीच्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. काकांनी मात्र शब्दासरशी पिस्तूल खाली ठेवलं होतं आणि हात वर केला होता. मी सळई घातली. ती सरळ पार गेली. नळी मोकळी होती, चूक माझी होती. सगळ्यांसमोर आपल्या गुरूला उगाच थांबवल्याची मला इतकी लाज वाटली की मी माफी मागू लागले.

"माफी कशाची?" काका म्हणाले. "पुन्हा वाटलं तर पुन्हा थांबव." आणि हात वर तसाच ठेवून ते माझ्या पुढच्या हुकुमाची वाट बघत उभे राहिले.