मांजर काढणारा मिस्त्री

मिस्त्रीची रीत ठरलेली: गाडीखाली सरपटत जायचं, पान्याने सायलेन्सरच्या पाइपावरच्या डब्याला टकटक करायचं आणि तोंड बाहेर काढून म्हणायचं, "ह्यात मांजर बसलंय. ते काढलं की वाघ निघंल."

मांजर म्हणजे कॅट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातलं विष मारणारी जाळी. वरंध घाटात गाड्या पळवायला निघालेल्या पुण्याच्या मुलांना हा विनोद फार आवडायचा. मांजर निघालं की गाडी भोरचा रस्ता हादरवत जायची आणि मिस्त्री मिशीला पीळ द्यायचा, जणू इंजिन त्यानेच बनवलं होतं. दुसऱ्याच्या गाडीच्या आवाजावर फुगणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

मी शेजारच्या टपरीत पीयूसी द्यायची. किकवीहून एसटीने यायचं, गाडीत नळी घालायची, नंबरप्लेटचा फोटो काढायचा, कागद द्यायचा. बोलायची नाही. शाळा इंग्रजी, त्यामुळे चारचौघांत माझं मराठी अडखळतं. धूर सोसत नाही म्हणून नाकाला ओढणी.

"मॅडम, धुराला भेता व्हय? हितला धूर लई औषधी हाय," तो सगळ्यांसमोर म्हणायचा.

मांजर काढलेली गाडी माझ्या मशीनवर पास होणं शक्य नव्हतं. त्यावर उपाय म्हणजे त्याची जुनी व्हॅन. "फोटू हिचा काढा, नळी माझ्या व्हॅनला घाला." तीनदा मी तसं केलं. माझं गप्प राहणं म्हणजे होकार, असं तो समजला. होकारच होता तो.

व्हॅनचा धूर मात्र अचंबा वाटावा इतका स्वच्छ. का, ते ती जॅकवर चढली तेव्हा कळलं. गंजक्या पोटाखाली चकचकीत डबा, माझ्या डोळ्यांदेखत एका लाल स्पोर्ट्स कारमधून काढलेला. गिऱ्हाइकासमोर ज्याला 'सरकारनं कोंबलेला बोळा' म्हणायचा, ते मांजर ह्याने स्वतः पाळलं होतं. तोवर त्याचा नुसता राग यायचा. त्या दिवशी किळस आली.

मग तीच लाल गाडी पीयूसीला आली.

"मॅडम, नळी हिकडं," त्याने व्हॅनकडे बोट केलं.

"न्हाई."

त्याच्याच भाषेत, एवढ्या मोठ्याने, की मीच दचकले.

"काय न्हाई?"

"ह्यांचं मांजर तुमच्या व्हॅनखाली आहे. ते परत बसवा, मग नळी घालते."

गाडीच्या मालकाने वाकून पाहिलं. "मिस्त्री, तुम्ही तर भंगारात टाकलं म्हणालात!"

"आवं, सांबाळून ठिवलं म्हना की." आवाजातला वाघ गेला होता.

दुपारभर तो दोन्ही गाड्यांखाली आळीपाळीने झोपला. लाल गाडी पास झाली आणि मुकाट गेली. माझ्या मालकाकडे त्याने माझी तक्रार केली, "पोरगी लई बोलती." मला बरं वाटलं.

पुण्याच्या मुलांत बातमी फिरली आणि महिन्याभरात त्याचं शटर पडलं. हत्यारं भरून व्हॅन धूर ओकत निघाली, ती समोरच्याच फाट्यावर एसटीमागे अडकली. तिचाच धूर फिरून खिडकीतून आत शिरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि नाकाला बांधला. मी ओढणी बांधते, अगदी तसा.