आत्याचा डावा पाय

अमरावतीहून अकोल्याला रोज शेकडो गाड्या जातात, पण या दोन गावांमधला प्रवास खऱ्या अर्थाने केलेलं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझी धाकटी आत्या. बाकीचे नुसते पोचतात. मोठा रस्ता मूर्तिजापूरवरून जातो, रुंद आणि गुळगुळीत. आत्या मात्र दर्यापूरवरून जायची. "मोठ्या रस्त्यानं सगळे पळून राहिले असतात. कोणाच्या मागं काय लागलं असते, काय माहीत," असं तिचं म्हणणं. सकाळी कोवळ्या उन्हात निघालेली आत्या अकोल्याला टेके, तेव्हा तिथल्या लोकांची जेवणं आटोपून एक झोपही झालेली असे.

आत्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न तिने केलं नाही. विचारायला आलेल्यांनी घातलेल्या शर्टांचे रंग तिला आवडले नाहीत, एवढंच कारण ती सांगते. निवृत्त झाल्यावर, ज्या वयात माणसं गुडघ्याला लावायचं तेल बदलून पाहतात, त्या वयात ती गाडी शिकली आणि एक लहानशी जुनी गाडी घेऊन आली. कागदावर गाडीचा रंग निळा होता. आत्या तो रंग जवसाच्या फुलाचा आहे असं सांगायची, आणि सिग्नलला थांबलेल्या अनोळखी माणसांनाही ते पटवून द्यायची. हॉर्न तिने कधी वाजवला नाही. पुढच्या माणसावर मागून ओरडायचं हे तिला असभ्य वाटे. ती त्याच्या मागे मागे जात राही, आणि तो वळला की त्याला हात दाखवी. एकदा दर्यापूरच्या अलीकडे तिच्या मागे प्रवाशांनी खचाखच भरलेली जीप अडकली. ड्रायव्हरने बरोबरीला येऊन विचारलं, "मावशी, गाडी चालवून राहिल्या का वरात काढून राहिल्या?" आत्या शांतपणे म्हणाली, "वरातच हाय. तू मागं राह्य अन् नाचत ये." जीपमधली माणसं बराच वेळ हसत होती.

तिच्या गाडी चालवण्याचं सगळं मर्म डाव्या पायात होतं. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की घाबरल्यासारखं वाटलं तर आधी क्लच दाबा. आत्या घाबरणारी नव्हेच, पण पुढे कधी घाबरायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून तिचा पाय कायम क्लचवर. अर्धा दाबलेला क्लच, दुसरा गिअर आणि नजर खिडकीबाहेर. मी नांदगाव पेठेतल्या एका कापडगिरणीत हिशेब पाहतो, त्यामुळे कुठे काय झिजतं आहे ते मला लगेच दिसतं. "आत्या, पाय काढ ना तिथून," मी म्हणायचो. ती म्हणायची, "राहू दे बाबू. कोणाचा हात धरल्यासारखं वाटते."

मग व्हायचं तेच झालं. इंजिन जोरात ओरडायचं आणि गाडी जेमतेम सरकायची. आत करपलेल्या भाकरीचा वास येऊ लागला. गावातल्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अर्ध्यात थांबली आणि हळूहळू मागे सरकत पायथ्याशी परत आली. मागच्या लोकांनी काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. आत्या ब्रेक दाबत, आरशात पाहत, सावकाश खाली उतरली आणि मला म्हणाली, "तिले नसन जायचं वर. जबरदस्ती कायले करायची?"

मी तिला कंपनीच्या शोरूममध्ये नेलं. टाय लावलेल्या एका तरुणाने कॉफी दिली आणि हातातल्या पडद्यावर बोट फिरवत क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग अशी नावं वाचत खर्चाचा अंदाज सांगितला. तेवढ्यात आत्याची सगळी गाडी विकत आली असती आणि वर कॉफीचंही भागलं असतं. आत्याने आकड्याकडे लक्षच दिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यानं गाडीकडे एकदाही पाह्यलं नाही रे." बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने निम्म्यात करतो म्हणून सांगितलं, पण खोलल्यावर आणखी काय निघेल त्याची हमी नाही, असं म्हणत त्याने गाडीचं दार धाडकन लावलं. आत्याने तोही नापसंत केला. तिसऱ्याने भंगाराचा भाव सांगितला. त्याच्याशी ती बोललीच नाही. मुलीसाठी स्थळं पाहावीत तशी तिची मेकॅनिक पाहणी चालली होती, आणि दर वेळी मुलीकडचा वडीलधारा म्हणून मी सोबत.

शेवटी मी तिला क्लच नसलेल्या नव्या गाडीत बसवून आणलं. सोय, मायलेज, वय, सगळं समजावलं. तिने ती गाडी एक चक्कर चालवली आणि उतरून म्हणाली, "चांगली हाय. पण माह्या डाव्या पायाले हिच्यात कामच नाही. तो काय करन दिवसभर?" थोड्या वेळाने मात्र वेगळ्या आवाजात म्हणाली, "अन् ताईले या उंच गाडीत चढता येत नाही."

ताई म्हणजे माझी थोरली आत्या. दर्यापूरजवळच्या एका शेतकरी घरात तिचा जन्म गेला आणि आता ती अकोल्याला मुलाकडे असते. गुडघे गेले आहेत, आणि गेल्या काही वर्षांत नजरही उतरत गेली. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. धाकटी तिला अधूनमधून फिरवायला नेते, हे मला ठाऊक होतं. कुठे नेते, काय करतात, हे कधी विचारलं नव्हतं. क्लच तसाच असताना आत्या पुन्हा अकोल्याला निघाली, तेव्हा काळजीपोटी मी सुट्टी काढून तिच्याबरोबर गेलो.

जेवून आम्ही तिघं निघालो. थोरलीला तिने हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे. गाव मागे पडलं आणि आत्याने गाडी आणखी हळू केली. मग ती बोलू लागली. "डाव्या हाताले कापूस हाय, फुटला हाय मस्त. बाया वेचून राहिल्या. एकीचं लुगडं हिरवं, पोपटी नाही, कैरीच्या सालीसारखं. त्याच्या पलीकडं तूर, पिवळी झाली नुसती." थोरली मान किंचित तिरकी करून ऐकत होती. "पळसाले फुलं आली," आत्या म्हणाली. थोरली म्हणाली, "दिवाळी होऊन गेली आताच. कुठून आले पळस?" आत्या म्हणाली, "बरं, नसन पळस. झाड हाय एक." "बाभूळ असन." "बाभूळच हाय." थोड्या वेळाने थोरलीच म्हणाली, "नाला आला का?" तो खरोखरच आला होता. गाडीच्या आवाजावरून तिला कळलं होतं. मी मागे बसून दोघींची डोकी पाहत होतो. काच खाली होती, उन्हाला सोनेरी धूळ लागली होती, आणि इतक्या हळू चाललेल्या गाडीत आपण चाललो आहोत की शेतंच आपल्याजवळून जात आहेत, हे सांगता येईना. तो अर्धा दाबलेला पाय काय काम करत होता, ते मला त्या दुपारी कळलं.

तिथेच क्लचने जीव सोडला. वास आला, धूर आला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला टेकली. मी फोन काढला. आत्या मात्र खाली उतरून थोरलीच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. "ताई, उतरतं का? वावर इथंच हाय, रस्त्याले लागून." दोघांनी धरून आम्ही तिला चार पावलं नेलं. तिने चप्पल काढली. पाय मातीवर टेकवून ती तशीच उभी राहिली. मग हात पुढे केला आणि एक फुटलेलं बोंड तिच्या हाताला लागलं. तिने ते चाचपलं, सरकीवर बोटं फिरवली, धागा ओढून पाहिला. आत्या सवयीने म्हणाली, "पांढरं..." थोरलीने तिला थांबवलं. "तू चूप बस थोडी. मी पाहून राहिली." तिथे वेचणी करणाऱ्या बायांपैकी एक जवळ आली. तिने कोणाची, कुठली, काही न विचारता थोरलीच्या ओटीत मूठभर कापूस घातला, पाणी दिलं, आणि आपल्या नवऱ्याला ट्रॅक्टर आणायला सांगितलं.

अकोल्यापर्यंत आमची गाडी दोराने ट्रॅक्टरला बांधून आली. आत्या स्टिअरिंगवर ताठ बसून होती आणि ट्रॅक्टरच्या मागे काय लिहिलं आहे, ते थोरलीला वाचून दाखवत होती. ट्रॅक्टरवाल्याच्या ओळखीच्या गॅरेजात गाडी लागली. तिथल्या माणसाने घेतलेले पैसे शोरूमइतके नव्हते, पण स्वस्तही नव्हते. मी घासाघीस सुरू केली, तर थोरली बाकावरून म्हणाली, "करून घ्या चांगलं. अर्धी गाडी माही हाय. मी देईन." आत्याने नाही म्हटलं नाही.

त्यानंतर दोन हिवाळे त्या दोघी फिरल्या. यंदा थोरलीची तब्येत फार उतरली आणि डॉक्टरांनी खड्ड्यांचा प्रवास बंद केला. परवा मी अकोल्याला गेलो, तर धाकटीची गाडी अंगणात कडूलिंबाच्या सावलीत उभी होती. इंजिन बंद, चारही दारं उघडी, आणि आत त्या दोघी पुढच्या सीटांवर बसलेल्या. मी चहा घेऊन जवळ गेलो. आत्या समोर भिंतीकडे पाहत हलक्या आवाजात सांगत होती, "आता दर्यापूर आलं." थोरलीने डोळे मिटूनच विचारलं, "गर्दी हाय का?" "नाही. आज बाजार नाही. रस्ता मोकळा हाय." "मग जाऊ दे हळू," थोरली म्हणाली आणि तिने मान मागे टेकवली. वाऱ्याने लिंबाची पानं काचेवर पडत होती. मी दोन्ही कप हातात धरून तिथेच उभा राहिलो, आणि त्यांना हाक मारली नाही.