पडल्या पडल्या जोडलेला कॉम्प्युटर

पाचव्या महिन्यात मला दोनदा रक्तस्राव झाला. सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वार गर्भाशयात फार खाली आहे, आता बाळंतपणापर्यंत पडून राहायचं, उठायचं ते फक्त बाथरूमसाठी. मी विचारलं, "म्हणजे साधारण किती दिवस?" त्या म्हणाल्या, "जितने निकल जाएँ, उतना अच्छा."

आम्ही तेव्हा जयपूरच्या आदर्श नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी मूळची सांगलीची. शिक्षण पुण्यात झालं, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीसाठी इकडे आले. तो ठशांच्या छपाईची डिझाइन्स काढतो आणि दिवसभर जवळच्या बगरू गावात छापणाऱ्यांबरोबर असतो. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे, ते सुट्टी टाकून थांबवलं. माझ्या आईचे गुडघे जिने चढू देत नव्हते, म्हणून अमरावतीहून सासूबाई आल्या. त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. आमचं तोवर फारसं एकत्र राहणं झालेलं नव्हतं. सणाला दोन दिवस, लग्नकार्याला तीन.

पडून राहणं हे माझ्या स्वभावातच नाही. डाव्या कुशीवर झोपायचं, समोर खिडकी, खिडकीत शेजारच्यांची पाण्याची टाकी आणि तिच्यावर कबुतरं. कूलर दिवसभर घरघरायचा. चादरीखाली माझे पाय आपोआप हलत राहायचे. पुस्तक धरलं की दोन पानांत हात दुखायचे. आणि प्रत्येक वेळी बाथरूमला उठलं की आधी वळून चादर बघायची. दोन वर्षांपूर्वी एक गर्भ तिसऱ्याच महिन्यात गेला होता. त्यामुळे चादर कोरडी दिसली तरी हायसं वाटायचं ते पुन्हा आडवी होईपर्यंतच.

माझ्याकडे जुना लॅपटॉप होता. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी मिळून गेम खेळायचो. नंतर चौघी चार गावांना गेल्या तरी शनिवार-रविवारी नेटवर भेटून खेळणं चालू होतं. आता खेळायला वेळच वेळ होता, तर लॅपटॉपने हात टेकले. एका दुपारी ऐन रंगात तो तव्यासारखा तापला आणि बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद पडला.

संध्याकाळी नवरा आल्या आल्या मी जाहीर केलं, "मी कॉम्प्युटर जोडणार आहे. सुटे भाग आणून."

"तू?"

"मी सांगणार. जोडायचं तू."

तो हसला. त्याच्या बोटांना कायम निळीचे डाग असायचे आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याने घरातला कधी हातात घेतलेला मला आठवत नव्हता. पण तो नाही म्हणाला नाही. बहुधा त्या दिवसांत मी काहीही मागितलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

मग यादी सुरू झाली. बजेट बेताचं ठरवलं होतं, आणि खरा छळ तिथेच होता. पैसे भरपूर असते तर प्रश्न नव्हता, सगळ्यांत चांगलं ते घ्यायचं. बेताच्या पैशात प्रत्येक भाग दुसऱ्या भागाच्या मानेवर बसलेला असतो. प्रोसेसर निवडला की तो ज्या मदरबोर्डावर बसतो तोच घ्यावा लागतो. मदरबोर्ड ठरला की रॅम कुठल्या पिढीची ते ठरतं. ग्राफिक्स कार्ड थोडं मोठं घेतलं की वीजपुरवठ्याचा डबा जास्त वॅटचा लागतो, आणि तो घेतला की बजेट हलतं, मग प्रोसेसर एक पायरी खाली. प्रोसेसर खाली आणला की मदरबोर्ड पुन्हा पहिल्यापासून. मी सकाळी एक यादी करायचे, जेवणानंतर ती मोडायचे. वॅटची बेरीज करताना पोटात काही हललं की थांबायचे, नाही हललं तरी थांबायचे. तीन वेगवेगळ्या व्हिडिओंतले तीन लोक तीन वेगवेगळी कार्डं घ्यायला सांगत होते, आणि मला तिघांचंही पटत होतं.

"हा कितवा कागद?" नवरा विचारायचा.

"शेवटचा."

"कालचा पण शेवटचा होता."

सासूबाई पहिले काही दिवस काही बोलल्या नाहीत. ताट आणून द्यायच्या, पाय चेपायला बसायच्या, मी संकोचाने पाय ओढून घ्यायचे, त्या पुन्हा धरायच्या. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. "त्या मोबाइलात दिवसभर यवढं काय पाहून रायली तू? डोळे दुखतीन न."

मी सांगितलं. गेमसाठी आहे हे सांगताना मला थोडी लाज वाटली. बत्तीस वर्षांची, पोटात मूल, आणि गेम. त्या म्हणाल्या, "असं," आणि भाजी निवडत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अन् हे कार्ड कार्ड करते, ते त्या डब्यात मावते की नाई, ते पायलं का?"

मी पाहिलं नव्हतं. मी जो स्वस्तातला कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग आत बसवायचा डबा, धरला होता त्याची आतली लांबी आणि कार्डाची लांबी मी कधी शेजारी शेजारी ठेवलीच नव्हती. त्यांनी पिशवीतून टेप काढला, माझ्याकडून मापं विचारून घेतली आणि वर्तमानपत्रातून कार्डाच्या आकाराचा कागद कापला. दुसऱ्या कागदावर कॅबिनेटचं आतलं माप आखलं, पुढच्या पंख्यांना जागा सोडली. ठेवून पाहिलं तर कार्ड बोटभर बाहेर येत होतं.

"शाळेत पोरींले हेच सांगाव लागे," त्या म्हणाल्या. "कापड तर कापून बसल्या, अन् मग रडतात."

त्या दिवसापासून यादी आम्ही दोघी करायला लागलो. त्यांना नावं लक्षात राहायची नाहीत, पण कशाला काय चिकटतं ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मी एक भाग बदलला की त्या चष्म्यावरून बघून विचारायच्या, "अन् मग त्याच्या जोडीचं?"

एका शनिवारी नवरा बाजारात गेला. दुकानात पोचल्यावर त्याने व्हिडिओ कॉल लावला. दुकानदार साधारण पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. एकेक खोका कॅमेऱ्यासमोर धरून नाव वाचून दाखवत होते. मदरबोर्डापाशी अडलं. यादीतला संपला होता. त्यांनी त्याच्याच नावाचा, शेवटच्या अक्षरांत फरक असलेला दुसरा दाखवला, थोडा स्वस्त. सासूबाई तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. मला कमालीची घाई झाली होती. महिनाभर कागदावर असलेली गोष्ट आज घरात यायलाच हवी होती. मी म्हटलं, "हो हो, बसतो प्रोसेसर त्याच्यावर. घे."

रविवारी सकाळी पलंगाशेजारी जमिनीवर चादर अंथरून नवरा बसला. मी कुशीवरून सांगत होते. प्रोसेसर बसला. पंखा बसला. मग रॅमची पट्टी.

"बसत नाहीये," तो म्हणाला.

"दोन्ही बाजूंनी सारखं दाब."

"दाबतोय. खाच जुळत नाही. जोर लावू?"

"नको!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्याने पट्टी आणि बोर्ड माझ्या चेहऱ्याजवळ आणले. पट्टीतली खाच एकीकडे, बोर्डावरचा उंचवटा जरासा दुसरीकडे. माझ्या लक्षात आलं. नवीन बोर्ड जुन्या पिढीची रॅम घेणारा होता आणि आम्ही रॅम मात्र यादीप्रमाणे नव्या पिढीची आणली होती. पाकीट तर फोडून झालं होतं.

मला रडू कोसळलं. नवरा म्हणाला, "अगं, बदलून आणू, त्यात काय," आणि मी म्हटलं, "मला एक गोष्ट धड करता येत नाही. एकसुद्धा." मी रॅमबद्दल बोलत नव्हते, हे तिघांनाही कळलं होतं.

सोमवारी बगरूला परदेशी ग्राहक यायचे होते, त्याला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, राहू दे पुढच्या रविवारपर्यंत. रात्रभर मात्र तळमळत होते, हे सासूबाईंनी पाहिलं असणार. सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून समोर उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत बोर्ड आणि रॅम, दोन्ही टॉवेलात गुंडाळलेले.

"पत्ता दे. मी जाऊन येते."

"आई, इतक्या उन्हात? आणि तुम्हाला सांगता येईल का?"

"खाच जुळत नाई, हे सांगाले काय लागते?"

खालच्या घरमालकीणबाईंकडे किल्ली देऊन त्या ई-रिक्षाने गेल्या. पाऊण तासाने फोन आला. दुकानदारांशी मी बोलले. ते नम्रपणे पण ठाम म्हणाले, पाकीट उघडलेलं आहे, परत घेता येणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, चूक माझीच आहे, आईंना परत पाठवा. फोन सासूबाईंच्या हातात गेला. मी "आई, या तुम्ही" म्हटलं, ते त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. फोन बंद करायचं त्या विसरल्या. मीही कापणार होते, पण त्यांचा आवाज आला.

"भैया, मैं थोडा बैठती हूँ."

"बैठिए माताजी. पानी मँगाऊँ?"

त्यानंतर त्या बोलायला लागल्या, त्यांच्या त्या अमरावतीच्या हिंदीत. "बहू है मेरी. तीन महीने लेटके रहना है उसको. गलती हुई उसकी, मैं मना नहीं करती. पर मैं भी लेटी थी भैया. ये लड़के के बाद दूसरी बार. चार महीने. छत को देखती थी बस. किसीने मेरे को कुछ नहीं दिया करने को. स्वेटर बुनने बैठी तो सास ने सलाई छीन ली, बोली हाथ मत हिला. फिर भी नहीं बचा. तो मैं बोली, इसको जो करना है, करने दूँगी."

फोन माझ्या कानाला चिकटला होता. मला हे काहीही माहीत नव्हतं. नवरा एकुलता एक, एवढंच मला माहीत होतं. त्यालाही ठाऊक नव्हतं, हे नंतर कळलं.

मग दुकानदारांचा आवाज आला. "माताजी, देखना तो मुझे भी चाहिए था. बोर्ड मैंने ही बदला था. लाइए." मी फोन कापला.

त्या घामाघूम होऊन परतल्या. टॉवेल उलगडून नवी पट्टी मला दाखवली. बोर्ड पुढे करून म्हणाल्या, "त्यानं माह्यासमोर लावून पायली. टक् करून बसली."

मी म्हटलं, "आई, तुमचा फोन चालूच राहिला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग ऐकलंच असशीन."

"हो."

त्या पलंगावर टेकल्या. मी विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"पोरगी," त्या म्हणाल्या. "सातव्यात. काळंभोर जावळ होतं, दाईनं सांगितलं. मले दाखवली नाई." एवढंच. मग त्यांनी माझ्या पायांवरून हात फिरवला, आणि या वेळी मी पाय ओढून घेतले नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही दोघींनीच तो कॉम्प्युटर पूर्ण केला. नवऱ्याला फक्त जड कार्ड बसवायला बोलावलं. पुढच्या बटणाच्या त्या बारीक वायरी, ज्यांच्यापुढे भले भले वैतागतात, सासूबाईंनी एका दमात लावल्या. मी फोनवर आकृती धरायची, त्यांनी बघायची. "हे पांढरं इकडं, हे लाल वरतं." सुईत दोरा ओवणारे हात होते ते. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले आणि मॉनिटरचा पडदा काळाच राहिला. दहा मिनिटं आम्ही सगळं हलवून पाहिलं. मग दिसलं की पडद्याची केबल बोर्डाला लावली होती, कार्डाला नाही, आणि आमच्या प्रोसेसरला स्वतःची ग्राफिक्स नव्हती. केबल बदलली आणि पडदा उजळला. सासूबाई टाळी वाजवून मोकळ्या झाल्या.

उशांना टेकून, पडदा स्टुलावर तिरका ठेवून मी त्या संध्याकाळी खेळले. तिन्ही मैत्रिणी आल्या. चौथ्या मिनिटाला सासूबाईंनी विचारलं, "जिंकली का?"

"नाही, मेले."

"असं बोलू नये या दिवसांत!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की मैत्रिणींनीही ते ऐकलं, आणि चौघी पोट धरून हसायला लागलो. मी मात्र लगेच पोटावर हात ठेवून थांबले.

कॉम्प्युटर आला म्हणून माझी तगमग गेली, असं झालं नाही. उठलं की चादर बघणं शेवटपर्यंत चालू होतं. एकदा पुन्हा रक्त दिसलं आणि चार दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. तिथे खेळायला काहीच नव्हतं. सासूबाई शेजारच्या बाकावर बसून होत्या. आम्ही बोललो, खूप बोललो. त्यांच्या शाळेबद्दल, त्या चार महिन्यांबद्दल, आणि ज्याबद्दल त्या कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या त्याबद्दलही.

छत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी झाली. वजन कमी होतं म्हणून तिला पाच दिवस काचेत ठेवलं. पहिल्या दिवशी नर्सने तिला बाहेर आणलं तेव्हा मला अजून बसता येत नव्हतं. मी पडल्या पडल्या म्हटलं, "आधी आईंच्या हातात द्या."

त्यांनी हात पुढे केले, मागे घेतले, पदराला पुसले, आणि मग घेतलं तिला. तिच्या जावळावरून बोट फिरवत राहिल्या. नर्स म्हणाली, "माताजी, अब दे दीजिए, अंदर रखना है."

"एक मिनिट न," सासूबाई म्हणाल्या. "मले पाहू दे."