गाईवाल्यांची फीत

“सुई टोचायची न्हाई म्हंजे न्हाई. तुला टोचून घ्यायची आसंल तर जा वेल्ह्याला, डाक्टर बसलाय तितं.”

“आये, कास बघितलीस का? दगड झालाय नुसता. आज दूध निघालं न्हाई तर दगडी धरंल. मंग बस सड चोळत.”

सोमेश्वर असं म्हणाला आणि ठकुबाईनं मान वळवून बघितलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. गोठ्यात चंद्री म्हैस मागचे पाय फाकून उभी होती. काल सांजेला तिनं दूध चढवलं ते आज सकाळीही सोडलं नव्हतं. कासेला हात लावला की लाथ. एकदा दगडी धरली, की कास सुजते, गाठी होतात, सडातून दुधाच्या जागी पू येतो आणि तो सड कायमचा जातो. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या कुशीतल्या त्या वाडीत ठकुबाईच्या घरी शेरडं बरीच होती, पण डेअरीला घालण्याजोगं दूध एकट्या चंद्रीचं.

सुईनं पान्हा सुटला असता. पण शेजारच्या वस्तीवर एका म्हशीला ती सवय लागलेली ठकुबाईनं बघितली होती. पुढं ती म्हैस सुईबिगर थेंब देईना आणि गाभही धरीना. शेवटी बाजार.

आता ही अडचण आली कुठून, तर एका कॅसेटीतून. सोमेश्वर ते दर दोन वाक्यांनी बोलून दाखवत होता.

कॅसेट जुनी. ठकुबाई पूर्वी भोरात एका वकिलांच्या घरी तूप घालायची. वकिलांनी घर बदललं तेव्हा पोरांच्या कॅसेटींचं खोकं दारात टाकून दिलं होतं. बाईसाहेब म्हणाल्या, हवं ते ने. ठकुबाईनं एकच उचलली, कारण तिच्यावर गाईचं चित्र होतं. हिरव्या रानात उभी राहून मागं वळून बघणारी गाय, पोसलेली, अंगानं भरलेली. ठकुबाईला वाटलं, गोमातेची भजनं असतील.

घरी येऊन लावली तर आधी लग्नाच्या वरातीतले वाजंत्री आपापला कर्णा सावरत असावेत तसा गलका. नवरा कोंडिबा तेव्हा हयात होता. तो म्हणाला, बंद कर, शेरडं बुजतील. तिनं केलं नाही. कर्ण्यांच्या मागून एक जाड गळ्याचं वाद्य रडल्यासारखं आलं, आणि बऱ्याच वेळानं बायाबाप्ये मिळून गाऊ लागले. एका बाजूला सबंध एकच गाणं, संपता संपेना. तिला त्यातलं काही कळलं नाही, तरी बायांचे आवाज चढत गेले तशी तिच्या अंगावर शिरशिरी आली. दुसऱ्या दिवशी शेण भरून झाल्यावर तिनं ती बाजू पुन्हा लावली, आणि मग लावतच गेली. कोंडिबा गेला त्या वर्षीही लावली. लोक बोलले, तिनं बोलू दिलं.

सून धनश्री घरात आली तेव्हा तिनं मोबाईलवर शोधून सांगितलं, आत्याबाई, ह्यांना पिंक फ्लॉइड म्हणतात, विलायतेतले आहेत, आणि त्या बाया जे म्हणतात त्याला अर्थच नाही, इंग्रजांनाही कळत नाही. हे ऐकून ठकुबाई मनापासून हसली. म्हणजे इतकी वर्षं तिचं काही चुकलेलं नव्हतं. नाव मात्र तिनं घेतलं नाही. तिच्यासाठी ते गाईवाले.

गौरी-गणपतीत चंद्रीचं रेडकू मेलं आणि चंद्री आटल्यासारखी झाली. पेंडीचं आंबोण घातलं, अंग चोळलं, काही चालेना. एका सांजेला गाईवाले लावून ठकुबाई तिच्यापाशी बसली होती. बाया गाऊ लागल्या तसा तिचा हात सहज कासेकडे गेला, तर सडात दूध. तेव्हापासून नेमच पडला. कॅसेट लावायची, आंबोण पुढं ठेवायचं, कास धुवायची आणि बाया गायला लागल्या की चरवी घेऊन बसायचं. दोन वेळा, रोज, एकच बाजू. जुनी फीत किती सोसणार? काल सांजेला नेमकी बायांच्या जागी ती टेपरेकॉर्डरच्या यंत्रात ओढली गेली आणि रुळाला गुंडाळून बसली.

सोमेश्वरनं मोबाईलवर तेच गाणं आणून चंद्रीच्या कानाशी धरलं होतं. तिनं मान झटकली, मोबाईल शेणात गेला. तो राग त्याच्या बोलण्यात अजून होता.

“भोरचा रेडिओवाला सोडवून दील की,” धनश्री म्हणाली. “सगळी फीत जशीच्या तशी. पण त्याचं दुकान परवा उघडायचं.”

“परवा कास ऱ्हाईल का?” सोमेश्वर म्हणाला.

ठकुबाई ओट्यावर बसली. यंत्राच्या तोंडातून तपकिरी फितीचा गुंता लोंबत होता. त्यातच त्या बाया होत्या. तिनं तो बोटानं उचलून उजेडात धरला, जणू दिसतील. गोठ्यात चंद्रीनं दावं ताणलं आणि घशातून हुंकारली.

“कातर आण,” ठकुबाई म्हणाली.

“आत्याबाई, कापला तर तो तुकडा परत जोडता यायचा न्हाई. चोळामोळा झालाय.”

“कातर आण म्हनलं ना. आन् ती नखाची लाली पन.”

धनश्रीनं कॅसेटचे स्क्रू काढले. ठकुबाईनं यंत्राच्या दोन्ही बाजूंनी फीत कापली, रुळावरचा गुंता सोलून काढला, कितीतरी हात लांब फितीची गोळी झाली. उरलेली टोकं एकावर एक धरली. सुनेनं जोडाला लाली लावली, वाळेस्तोवर दोघींनी फुंकर मारली.

कॅसेट पहिल्यापासून लागली. गलका झाला, कर्णे सावरले. ठकुबाई नेमाप्रमाणं थांबली नाही. थांबायचं तरी कशासाठी, बाया येणारच नव्हत्या. ती सरळ जाऊन गुडघ्यावर बसली आणि लाथेची वाट बघत कासेला हात लावला. कास धोंड्यासारखी, गरम. चंद्रीनं पाय उचलला. सोमेश्वर पुढं झाला.

“मागं हो,” ती हळूच म्हणाली.

पाय खाली टेकला. कर्णे एकसाथ वाजू लागले आणि ठकुबाईच्या अंगठ्याखाली सड भरत आला. एक, मग शेजारचा. तिनं दाबलं. चरवीच्या बुडावर धार वाजली.

बायांच्या आधीच!

धारा काढता काढता तिच्या ध्यानात आलं. चंद्रीला त्या बायांचं कधी काही पडलेलंच नव्हतं. ती कर्ण्यांनाच पान्हवत होती, रोज, आणि ठकुबाई येईस्तोवर कळ काढून उभी राहायची. बायांची वाट ठकुबाई एकटीच बघत होती.

यंत्रात टक् झालं. गाणं अडखळून भलतीकडं गेलं. चंद्रीनं कान हलवला, रवंथ चालू ठेवला. ठकुबाईचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. चारी सड पिळून मोकळे होईपर्यंत ती उठली नाही.

“निघालं?” सोमेश्वरनं विचारलं.

“निघालं. चल, डेअरीला जा. सकाळची येळ हुकलीच हाय, सांजंची तरी गाठ.”

त्यानं किटली उचलली. जाता जाता म्हणाला, आता म्हशीचं झालं, तुझ्या बायांचं काय?

ओट्यावरची फितीची गोळी घेऊन ठकुबाई मागच्या वावरात गेली. नाचणी भरली होती आणि कणसांवर पोपटांचा थवा पडत होता. गोळी सोडवून तिनं या खुंटापासून त्या खुंटापर्यंत फीत ताणून बांधली. वाऱ्यानं ती चकाकली, घुमायला लागली. थव्यानं झेप घेतली आणि तो पलीकडच्या वावरात उतरला. ठकुबाईनं गाठ एकदा ओढून बघितली. मग शेण भरायची पाटी घेऊन गोठ्याकडं वळली.