केळशीची पेज

हिमालयातल्या त्या उंच गावात थंडी एवढी, की माझ्या मिशांतून बर्फ गळला आणि त्यावरून दोन याक घसरले. खोटं वाटलं तर याकांना विचारा! माझ्याच जीपमधून कोकणातल्या केळशीची एक म्हातारी उतरली. तिची लेक तिथे नर्स, नुकतीच बाळंत झालेली, आणि अन्नाला तोंड लावत नव्हती. म्हातारीने पिशवीतले घरचे लाल तांदूळ काढून पेज चढवली.

एवढ्या उंचीवर पाणी पटकन उकळतं, पण तांदूळ शिजत नाही. दुपार कलली तरी शितं खडीसारखी. लेकीच्या पहाडी घरमालकिणीने कुकर पुढे केला. म्हातारीने तो बाजूला सारला आणि तिला मराठीतूनच सुनावलं, "बाळंतिणीची पेज शिट्टीवर करत नाय गो!"

मी म्हटलं, "आजी, पाणी तर खळखळतंय."

"उकळतंय रे, पण मनापासून नाय." तिने चुलीत आणखी एक शेणी सारली आणि पुन्हा फुंकणी उचलली.

ऊन कड्यामागे गेलं, तेव्हा शीत बोटात मऊ लागलं. लेकीने वाटी संपवून दुसरी मागितली. म्हातारी दारात आली आणि बर्फाच्या डोंगराला म्हणाली, "आता पाड, काय पाडायची ती थंडी!"

शपथेवर सांगतो, डोंगर दोन पावलं मागे सरकला.